मिलिमीटर मंडळाचे रामटेके भाऊ

रामटेके भाऊंनी आमच्या घरी पहिल्यांदा चहा घेतला, तेव्हा आधी कप मोजला. शर्टाच्या खिशातून पोलादी व्हर्नियर काढला, त्याचा जबडा कपाच्या काठावर अलगद बसवला, चष्मा कपाळावर सारून आकडा वाचला आणि म्हणाले, "पंच्याहत्तर पॉइंट चार. आन् हा दुसरा?"

दुसरा माझ्या हातात होता. तोही घेतला, मोजला.

"शहात्तर पॉइंट एक. आन् तुमी याईले एका सेटातले म्हंता?"

कप माझ्या लग्नात आलेले. इतकी वर्षं मी त्यांना एकसारखे समजत होते. ओशाळून म्हणाले, "भाऊ, चहा निवतोय."

"निवू द्या जी. गरम कप मोजला त माप वाढते."

खरं तर ते आले होते तक्रार घेऊन. मी आलापल्लीच्या शाळेत मराठी शिकवते. भाऊंच्या शेजारची दोन खोल्यांची जागा मी नुकतीच भाड्याने घेतली होती. माझं स्वयंपाकघर आणि त्यांची बसायची खोली यांच्यात एकच भिंत. "मॅडम," ते चहा संपवून म्हणाले, "तुमचा कुकर सकाळी किती वाजता लागते?"

म्हटलं, सहाला.

"थेच त. मी सहाले व्हिडिओ घेतो. काल मी सेंटरलाइन समजावून राह्यलो होतो आन् तुमच्या तीन शिट्ट्या आल्या. आता पोट्टे खाली लिहून राह्यले का 'सर, वरण उतरवा.'"

संगणकावर यंत्रांची, इमारतींची मापासकट चित्रं काढायची एक विद्या असते, तिला कॅड म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आलापल्लीत बसून हे गृहस्थ ती विद्या इथल्या झाडीबोलीत, व्हिडिओ काढून फुकट शिकवतात आणि ती शिकणारे लोक माझ्या वरणाची वाट बघतात, हेही त्याच दिवशी कळलं. तडजोड म्हणून मी कुकर पावणेसातला लावायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या फटीतून एक छापील कागद आत आला. त्यावर माझ्या स्वयंपाकघराचा नकाशा होता, गॅसची शेगडी भिंतीपासून नऊशे मिलिमीटर दूर सरकवलेली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आवाज कमी होईल. बघा, जमलं तर.'

ते माझ्या स्वयंपाकघरात आत कधीच आले नव्हते. विचारलं तर म्हणाले, "खिडकीतून दिसते तेवढं काढलं. फ्रीज चुकला असन."

फ्रीज दोन बोटं चुकला होता.

भाऊ गडचिरोलीला एका सरकारी कार्यालयात आरेखक होते. निवृत्त होऊन आलापल्लीला आले. बायको मुलीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेली आणि नातीत रमली. येते म्हणते, येत नाही. भाऊ घरात एकटे आणि सोबत व्हर्नियर. माणसं सोडली तर त्यांनी मोजली नाही अशी वस्तू गावात नसावी. बाजारात भाजीवालीने विचारलं, "भोपळा केवढा कापू?" भाऊ म्हणाले, "दोनशे वीस." तिने तराजू उचलला. भाऊ म्हणाले, "ग्रॅम नाई बाई, मिलिमीटर." पोटात दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात गेले. कुठे दुखतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर म्हणाले, "बेंबीपासून उजवीकडे साठ, तिथून वर चाळीस." त्या डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं की इतका शहाणा पेशंट त्यांना आजवर मिळाला नाही, फक्त त्याने तपासताना त्यांचा स्टेथोस्कोप मोजायला नको होता.

'अंदाज' या शब्दाचा त्यांना मनापासून राग. "अंदाज म्हंजे आळशाचं माप," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी एकदा सहज म्हणाले की साधारण पाच मिनिटांत येते, तर त्यांनी घड्याळ लावलं.

त्यांचा मोबाइलवरचा गट म्हणजे मिलिमीटर मंडळ. त्यात चंद्रपूरच्या कारखान्यांतले लेथवाले होते, आयटीआयची मुलंमुली होती, सिरोंच्याचा एक वेल्डिंगवाला होता आणि मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतली शेफाली होती. शेफाली घरी शिवणकाम करायची आणि उरलेल्या वेळात पंपांचे भाग काढायची. मला त्यांनी गटात घेतलं ते शुद्धलेखनासाठी. कॅडमधले इंग्रजी शब्द ऐकून पोरं बिचकतात म्हणून भाऊंनी आपले शब्द बनवले होते आणि ते 'मराठीत बसतात का' हे मी सांगायचं होतं.

आकृतीला सरळ बाहेर ओढून लांबी द्यायची, त्याला ते 'शेवया' म्हणत. "सोऱ्यातून शेवई निंगते ना मॅडम? तोंडाचा आकार तोच, लांबी वाढत जाते. झालं." एकच वस्तू रांगेत सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा मांडायची, तो 'रोवणा'. आमच्याकडे धानाची लावणी म्हणजे रोवणा, त्यामुळे हे कुणालाच समजवावं लागलं नाही. रेघेला जागचं हलू न देणारी अट म्हणजे 'दावं'. "दावं नाई बांधलं त रेघ बैलावानी दुसऱ्याच्या वावरात जाते." मी इतकी वर्षं मराठी शिकवते, पण मला एकही शब्द बदलता आला नाही. फक्त 'गुळगुळीत'चं शुद्धलेखन दुरुस्त केलं, तर भाऊ आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले की मॅडमनी शब्दांची तपासणी केली आहे.

मंडळाचा एकच नियम होता. कुणीही काहीही विचारलं तरी त्याच दिवशी उत्तर. प्रश्न कितीही बाळबोध असो. एकाने सलग नऊ दिवस तोच प्रश्न विचारला, भाऊंनी नऊ वेळा नव्याने उत्तर दिलं. दहाव्या दिवशी कुणीतरी त्या मुलाची टर उडवली, तेव्हा भाऊंनी टर उडवणाऱ्याला गटातून काढलं. मला वाटलं, हे जरा अतीच झालं. बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणाले, "प्रश्नावर हासला त माणूस पुढचा प्रश्न गिळते जी," आणि विषय बदलला.

त्याच सुमारास आमच्या शाळेत रॅम्प झाला.

सुमन मडावी आठवीत होती. पाय अधू. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलीवर ती पाड्यावरून यायची आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांशी थांबायची. तिथून दोन मैत्रिणी तिला उचलून वर्गात न्यायच्या. लहान होती तोवर चाललं. आता ती मोठी होत होती आणि उचलून घेणं तिला नको वाटायचं. तोंड दुसरीकडे करून बसायची. म्हणून रॅम्प मंजूर झाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. बांधणाऱ्याने तो दोन दिवसांत उरकला. सुमनने सायकल वर घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यातून ती मागे घसरली. शिपाई मागे उभा होता म्हणून निभावलं. त्या आठवड्यात तिचे वडील शाळेचा दाखला मागायला आले. म्हणाले, "थे म्हंते, मी नाई जात आता."

मी घरी येऊन हे भाऊंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधीच ते रॅम्पवर उकिडवे बसलेले दिसले, हातात फीत.

मुख्याध्यापक म्हणाले, "बरोबर आहे ना भाऊ? अंदाजे?"

"व्हरांडा सहाशे उंच," भाऊ म्हणाले. "रॅम्प अठराशे लांब. म्हंजे एकाले तीन. एकाले बारा पाह्यजे. हा रॅम्प नोहे सर, घसरगुंडी आहे."

सहाशेला बारापट म्हणजे सात हजार दोनशे मिलिमीटर. समोर कुंपणापर्यंत जागा होती चार हजार. आणि मधोमध मोहाचं झाड. मुख्याध्यापक म्हणाले की झाड काढलं तरी भागणार नाही. भाऊ म्हणाले, "झाड कोण काढून राह्यलं?" आणि त्या दिवशी मंडळावर प्रश्न टाकला: इतकी जागा, इतकी उंची, एक मोह, रॅम्प बसवून दाखवा.

मग चार दिवस माझा फोन सारखा वाजत राहिला. लेथवाल्यांनी रॅम्प काढले, आयटीआयच्या पोरींनी काढले, सिरोंच्याच्या वेल्डिंगवाल्याने अख्खा लोखंडी काढला, तोही उचलून नेता येईल असा. भाऊ प्रत्येकाला उत्तर देत होते. शेवटी शेफालीचा नकाशा सगळ्यांना पटला. तिने रॅम्प व्हरांड्याच्या कडेने नेऊन मोहाच्या बुंध्याला वळसा घालून परत आणला होता. वळणावर सपाट जागा, बाजूला कठडा. "साडीच्या काठासारखा फिरवला सर," असं तिने खाली लिहिलं होतं. भाऊंनी वळणाची मापं भरली आणि मुख्याध्यापकांची सही घेतली.

बांधायच्या आधी त्यांनी तो रॅम्प शाळेच्या मैदानात चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापात आखला. पालक जमले, गवंडी आले. शेफालीही पहिल्यांदाच बसने आली. सुमनला घरून बोलावून आणलं. ती आली, पण मान खाली घालूनच. भाऊ म्हणाले, "चालव बाई. पांढऱ्या रेघेच्या आतून."

ती सरळ भागातून नीट गेली. वळणावर सायकल अडली. पुढचं चाक रेघेच्या बाहेर. मागे घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा बाहेर.

मग सुमन म्हणाली, "सर, तुमी माही सायकल मोजलीच नाई."

भाऊंचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. वळणाची जागा त्यांनी पुस्तकातून घेतली होती. पुस्तकातल्या चाकाच्या खुर्चीला ती पुरत होती. सुमनची सायकल त्या खुर्चीपेक्षा कितीतरी लांब. गावातली प्रत्येक वस्तू मोजणारा माणूस नेमकी तीच वस्तू मोजायला विसरला होता. एक गवंडी तोंडावर हात धरून हसला. मला वाटलं, भाऊ आता काहीतरी लागट बोलतील.

ते सुमनसमोर खाली बसले. "चूक माही आहे," म्हणाले. "तूच सांग, किती पाह्यजे?"

सुमनने सायकल वळवून दाखवली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. भाऊंनी फितीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. मग ती मापं सांगत गेली, ते लिहीत गेले आणि शेफालीने फक्की टाकून नवी रेघ ओढली. दुपारी मंडळावर भाऊंचा संदेश आला: 'वळणाचं माप मी चुकवलं होतं. सुमन मडावी, आठवा वर्ग, हिने दुरुस्त केलं. सगळ्यांनी नवीन माप घ्यावं. जिच्यासाठी काढतो तिला आधी विचारावं, हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं. तेही चुकलं.'

रॅम्प पुढच्या महिन्यात झाला. पहिल्या दिवशी सुमन एकटी वर गेली, व्हरांड्यात सायकल फिरवली, खाली आली आणि काही कारण नसताना पुन्हा वर गेली. तास सुरू झाला तरी तिसऱ्यांदा खाली. मी तिला रागावले नाही. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या रविवारी सकाळी भाऊंनी मला हाक मारली. "मॅडम, जरा इंग्रजी पाहून द्या."

मी मराठीची आहे, असं म्हटलं, तर म्हणाले, तरी माझ्यापेक्षा बरी. संगणकावर बाहेरदेशातलं एक संकेतस्थळ उघडं होतं. कॅड शिकणाऱ्यांची ती जागा. अडलं की तिथे प्रश्न टाकायचा, कुणीतरी उत्तर देतं. भाऊंनी रॅम्पचा नकाशा आणि सुमनचा वर जातानाचा फोटो जोडला होता, खाली चार ओळी लिहिल्या होत्या.

"कुणाला पाठवताय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना कार्यालयातले ड्रॉइंग बोर्ड काढले आणि संगणक आले. नवीन पोरं भराभर शिकली. भाऊंनी एकदा विचारलं, रेघ कशी पुसायची. अख्खी खोली हसली. त्यानंतर त्यांनी तिथे कुणालाच काही विचारलं नाही. घरी येऊन मोडक्या इंग्रजीत या संकेतस्थळावर विचारू लागले. एकच माणूस उत्तर द्यायचा. नावाच्या जागी दोन अक्षरं आणि एक आकडा, बस. देश माहीत नाही, वय माहीत नाही, बाई की पुरुष तेही नाही. तीन वर्षं रोज. रेघ पुसण्यापासून सगळं.

"आन् एक दिवस उत्तर नाई आलं," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बी नाई. मी वाट पाह्यली. मी त्याले कधी इचारलंच नाई जी का तू कोण, कुठी राह्यते. फक्त आपले प्रश्न इचारत गेलो."

मी माउस घेऊन पान वर सरकवलं. एकाखाली एक संदेशांचा तो धागा लांबच लांब होता. खालची कित्येक वर्षं एकाच माणसाचे संदेश होते, भाऊंचे. पंपाचा नकाशा, शेफालीचा पहिला गियर, चंद्रपूरच्या कुणाला तरी नोकरी लागल्याची बातमी. प्रत्येकाखाली 'कृपया तपासा'. त्या दोन अक्षरांच्या नावापुढे बारीक टाइपात लिहिलं होतं की हा सदस्य बऱ्याच वर्षांत इथे आलेला नाही.

मी चुका काढायला लागले. दोन स्पेलिंगं दुरुस्त केली. एक शब्द मागचा पुढे केला. शेवटची ओळ होती: आय ॲम लर्निंग फ्रॉम यू.

"भाऊ," मी हळूच म्हणाले, "इथे भूतकाळ लागेल. शिकलो, असं."

भाऊ पडद्याकडे बघत होते.

"काऊन?" ते म्हणाले. "मी त अजून शिकूनच राह्यलो ना."

मी हात बाजूला घेतला. ओळ होती तशीच ठेवून भाऊंनी ती पाठवून दिली.