शून्य ताणाची झोळी

झोप ही माणसाची खाजगी बाब आहे, असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वास्तविक झोप म्हणजे कामाच्या दोन दिवसांमधली मोकळी जागा असून, कोणत्याही मोकळ्या जागेप्रमाणे तिच्याकडेही कुणीतरी जबाबदार माणसाने लक्ष देणं आवश्यक असतं. आमच्या कार्यालयाने ही जबाबदारी आपण होऊन अंगावर घेतली, हे मी निवड समितीचा सचिव या नात्याने अभिमानाने नमूद करतो.

आमचं कार्यालय लिफ्ट तपासतं. लिफ्टच्या दोरांना पुरेसा ताण आहे की नाही हे यंत्र लावून मोजायचं आणि तसं प्रमाणपत्र द्यायचं, हे आमचं काम. (आमची स्वतःची लिफ्ट बंद आहे. प्रमाणपत्र चालू आहे.) दोरांचा ताण बघता बघता माणसांनाही ताण येत असावा, अशी शंका कर्मचारी कल्याण शाखेला आली आणि तिने पाहणी केली. पाहणीत ‘तुम्हाला ताण आहे का?’ हा एकच प्रश्न होता आणि उत्तर न देणाऱ्याची रजा अडवली जाणार होती. त्यात एकशे चार टक्के कर्मचाऱ्यांना ताण असल्याचं निष्पन्न झालं. काहींनी खबरदारी म्हणून दोनदा उत्तर दिलं होतं.

साहेबांनी ताबडतोब ताणमुक्ती शिबिर जाहीर केलं. शहराबाहेर तळ्याकाठी एक रात्र, झाडांना बांधलेल्या झोळ्यांत झोप आणि वर ताडपत्री. कल्पना साहेबांचीच. त्यांनी कुठेतरी एक चित्र पाहिलं होतं, त्यात एक माणूस झोळीत पडून हसत होता. साहेबांनी कार्यालयात हसणारा माणूस पाहिलेला नसल्यामुळे त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

या शिबिराकडे खरोखर डोळे लावून बसलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे आमच्या हिशेबनीस बाई. बाईंच्या घरी खोल्या दोन. एकीत सासरे रेडिओ लावून झोपतात. दुसरीत नवरा झोपेत भांडतो आणि दोन्ही मुली बाईंच्या अंगावर पाय टाकतात. लग्न झाल्यापासून आपण एकदाही मनासारखी कूस बदललेली नाही, असं त्या जेवणाच्या सुट्टीत सांगत. विक्रेत्याने पाठवलेल्या झोळीच्या माहितीपत्रकात ‘एका वेळी एकाच व्यक्तीने झोपावे’ हे वाक्य त्यांनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“एकाच,” त्या मला म्हणाल्या. “छापलंय बघा.”

मला फार वाईट वाटलं. पण सचिवाला वाईट वाटलेलं इतिवृत्तात घेता येत नाही.

झोळी निवडण्यासाठी समिती नेमण्यात आली. झोपेचा दांडगा अनुभव हा एकमेव निकष असल्यामुळे सगळे वरिष्ठ त्यात आले. (बाईंचं नाव सुचवलं गेलं होतं. परंतु त्यांना झोपेची गरज असल्यामुळे त्या निःपक्षपाती राहू शकणार नाहीत असं ठरलं.)

पहिली बैठक ‘झोळी’ या शब्दावरच खर्ची पडली. सरकारी माणसं झोळी घेऊन गावाबाहेर निघाली तर लोक काय म्हणतील, असा साहेबांचा रास्त सवाल होता. तेव्हा झोळीला ‘अधांतरी शय्या’ आणि ताडपत्रीला ‘ऊर्ध्व आच्छादन’ म्हणावं असा ठराव झाला. त्या दिवसापासून हा विषय अधिकृतरीत्या अधांतरी झाला. ज्या कार्यालयात आजवर प्रत्येक घोंगडं भिजत ठेवलं गेलं, तिथे काहीतरी कोरडं राहावं म्हणून एवढी खटपट पहिल्यांदाच होत होती.

दुसऱ्या बैठकीत लांबी-रुंदी आली. झोळीत सरळ झोपलं की पाठीचं धनुष्य होतं, थोडं तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते, म्हणून झोळी ऐसपैस घ्यावी, असं विक्रेत्याचं म्हणणं. साहेबांनी ते साफ फेटाळलं. “आपल्या माणसांना तिरकं वागायची आधीच सवय आहे,” ते म्हणाले. “आता झोपेतसुद्धा परवानगी द्यायची?” झोळी अरुंद घेण्यात आली.

तिसऱ्या बैठकीत एक पेच पडला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सर्वांना मान्य होतं. परंतु झोळीत अंथरूणच नसतं. मग पाय किती पसरावेत? विक्रेता सांगू लागला की झोळीत थंडी खालून वाजते, तेव्हा पांघरूण खालच्या बाजूला बांधावं. यावर एका ज्येष्ठ सदस्याने, खालचं ते अंथरूण आणि वरचं ते पांघरूण, ही व्यवस्था आपल्या वाडवडिलांपासून चालत आली असून ती उलटीपालटी करायला ही समिती सक्षम नाही, असं बजावलं. शेवटी पाय ज्याच्या त्याच्या वेतनश्रेणीनुसार पसरावेत असं ठरलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडली ती ‘ताण’ या शब्दापाशी.

झोळी झाडांमध्ये ताठ बांधू नये, तिला पुरेसा झोल द्यावा, आणि ताडपत्री मात्र चांगली ताणून बांधावी, म्हणजे पाणी ओघळून जातं, असं माहितीपत्रकात होतं. कल्याण अधिकारी एकदम उभे राहिले. ताणमुक्ती शिबिरात ताण? त्यांनी तिथल्या तिथे आदेशाचा मसुदा केला: ‘शिबिराच्या परिसरात कोणत्याही स्वरूपाचा ताण आढळता कामा नये.’

तांत्रिक शाखेचे अभियंते चुळबुळले. उभा जन्म त्यांनी दोरांचा ताण मोजण्यात घालवला होता. “साहेब, दोरीला ताणच नसला तर झोळी जमिनीवर येईल.”

“तो तुमचा ताण,” साहेब म्हणाले. “हा माणसांचा. शाखा वेगळी आहे.”

शाखा वेगळी म्हटल्यावर अभियंत्यांचा जीव भांड्यात पडला. ताण शून्य आहे की नाही एवढं मोजून देण्याचं त्यांनी आनंदाने कबूल केलं.

चाचणी इमारतीमागच्या दोन झाडांपाशी भर दुपारी झाली. झोळी आदेशानुसार बांधली. ती जमिनीवर पसरली आणि दोन्ही दोऱ्या गवतात शांत पडून राहिल्या. अभियंत्यांनी यंत्र लावलं, काटा हलला नाही, प्रमाणपत्र तयार झालं. झोळीतून खाली पडण्याचा धोका संपूर्ण नाहीसा झाला होता, कारण खाली काही उरलंच नव्हतं. समिती आळीपाळीने आडवी झाली. वर कमालीची सैल ताडपत्री होती, ती प्रत्येकाच्या नाकाला टेकत होती. मग माळ्याने पाइपाने पाऊस पाडला. सगळं पाणी ताडपत्रीच्या मध्यभागी, म्हणजे त्या वेळी साहेबांच्या पोटावर, साठलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. साहेब बुडबुड्यांमधून काहीतरी म्हणाले, ते आम्ही ‘समाधान व्यक्त केले’ असं नोंदवलं.

हिशेबनीस बाई लांबून बघत होत्या. “अहो साहेब, ही सतरंजी झाली की!”

“सतरंजी नव्हे, बाई,” साहेब ओले हात झटकत म्हणाले. “शून्य ताणाची अधांतरी शय्या.”

“पण सतरंजीवर मुली येऊन झोपतात हो,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुपारनंतरची अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अगदी रीतसर, मंजूर करून घेतलेली. मग चाचणीची झोळी आणि ताडपत्री माझ्याकडून मागून घेऊन त्या इमारतीमागे गेल्या. झाडांना रुंद पट्टे बांधले, झोळीला हवा तेवढा झोल दिला, ताडपत्री ढोलासारखी ताणली. (माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच. समितीतल्या प्रत्येकाने ते दुसऱ्याने वाचलंय असं गृहीत धरलं होतं.) अरुंद झोळीत जमेल तितक्या तिरक्या होऊन त्या आडव्या झाल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या.

खिडक्यांमध्ये गर्दी झाली. अभियंते पाय न वाजवता खाली गेले आणि त्यांनी यंत्र लावलं. दोरीत भरपूर ताण निघाला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र औषधालासुद्धा नव्हता, सगळा दोरीत उतरला होता. ही नोंद घ्यायला दोन्ही शाखांनी नकार दिला.

आदेशाचा उघड भंग झाला होता. साहेब तरातरा खाली आले, झोळीपाशी थांबले आणि बराच वेळ बघत राहिले. बाईंनी झोपेत कूस बदलली. अख्खी, मनासारखी.

“झोपू द्या त्यांना,” साहेब हळूच म्हणाले. नोकरीत आल्यापासून मला त्यांच्याबद्दल माया वाटली ती याच वेळी.

आम्ही कुणीही त्यांना उठवणार नव्हतो. परंतु फोन वाजला. मागच्या इमारतीतून कुणीतरी बोलत होतं. “तुमच्याकडे एक बाई दिवसाढवळ्या खुशाल झोपलीय! आम्ही इथे मरमर मरतोय आणि हे काय चाललंय?”

मी सांगितलं की बाई रजेवर आहेत, रजा त्यांची स्वतःची आहे आणि मंजूर आहे.

“असेल हो रजा,” पलीकडून आवाज आला. “पण म्हणून इतकं छान झोपायचं?”

तक्रार नोंदली गेली की कारवाई करावीच लागते. सचिव म्हणून मलाच पाठवण्यात आलं. मी झोळी हळूच हलवली. बाईंनी डोळे उघडले.

“सकाळ झाली?”

“नाही बाई,” मी म्हणालो. “तक्रार आली.”

त्या उठल्या. गाठी सोडल्या, घड्या घातल्या आणि मुलींची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. शिबिर पुढे रद्द झालं. झोळीमुळे जनतेला ताण येतो, असं कारण दिलं गेलं आणि ते प्रथमच खरं होतं.

फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही, आणि आम्हीही खोलात शिरलो नाही. असा फोन आपण कधीच केला नसता, असं म्हणणारी माणसं शोधू गेलं तर ढिगाने मिळतात. तुम्हीही त्यांपैकीच असाल. बाईंसाठी तुमचा जीव आत्ता हळहळला असेल, ते तुमच्या चांगुलपणाला धरूनच आहे. तरी तुमच्या खिडकीखाली, ऐन कामाच्या वेळी, कुणी असं तिरकं होऊन घोरत पडलेलं दिसलंच, तर आमचा नंबर इमारतीच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेला आहे. तुम्हाला लांबूनही वाचता यावा, म्हणून नुकताच मोठा करून घेतलाय.