तेरावा तोतया

दाजींच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना दिसतं. आणि दुसरी, ज्यांना दाजी सांगतात. पहिल्या प्रकारात सध्या ते एकटेच होते. त्यांनी छापून घेतलेल्या कार्डावर 'गुन्हेगारांचा कर्दनकाळ, निरपराध्यांचा आधार, नजर गरुडाची, संयम घुबडाचा' एवढा मजकूर होता. तो एका बाजूला मावेना, म्हणून पत्ता मागच्या बाजूला गेला होता. नोकरीभर त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती, ही गोष्ट मात्र कार्डावर कुठेच नव्हती. 'वाहतूक क्षेत्रातील गुन्ह्यांचा दीर्घ अनुभव' असं तिथे सभ्यपणे म्हटलं होतं.

विनातिकीट प्रवासी पकडायची दाजींची एक ठरलेली पद्धत होती. बसमध्ये चढायचं, कुणाच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, फक्त डोकी मोजायची. डोकी जास्त आणि तिकिटं कमी, म्हणजे चोर गाडीतच. "चेहरा गयावया करतो," दाजी सांगत. "डोकं आपलं गप्प बसून मोजून घेतं."

हे सगळं ऐकायला त्यांना हक्काचा माणूस मिळाला होता, तो म्हणजे त्यांचा मेहुणा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुपारी गिऱ्हाईक नसे. सहायक गुप्तहेराचं पद त्याला दाजींनी नव्हे, त्याच्या ताईने, म्हणजे दाजींच्या बायकोने दिलं होतं. "ह्यांच्याबरोबर जात जा रे," ती म्हणाली होती. "निदान घरी परत तरी येतील." तेव्हापासून घडीचं स्टूल, छत्री आणि पाण्याची बाटली हे तपासाचं साहित्य मेहुण्याच्या खांद्यावर होतं.

आता प्रकरणाकडे येऊ. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबट पट्टा होता. पूर्वी त्यावर सुरय पक्षी अंडी घालत. पांढरं अंग, डोक्यावर काळी टोपी, कात्रीसारखी शेपटी, असा तो देखणा पक्षी. मग फटफटणाऱ्या बोटी आल्या, मोकाट कुत्री आली आणि सुरयांनी तो पट्टा सोडला. हे ज्यांच्या जिवाला लागलं त्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला दम दिला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्षिमित्रांचं मंडळ काढलं. सुरय एकट्याने घर करत नाही, आपली जात जिथे बसलेली दिसेल तिथेच उतरतो, हे ठाऊक असल्याने त्यांनी सुताराकडून बारा लाकडी सुरय करून घेतले, रंगवले आणि वाळूत रोवले. मंडळात त्यांना तोतये म्हणत.

तोतये वर्षानुवर्षं इमानाने बसून राहिले. खरे सुरय हंगामात वरून जात, खाली बघत आणि पुढे जात. शेवटी बंदर अधिकाऱ्याने बाईंना सांगून टाकलं, की या हंगामात तो स्वतः पाहणीला येईल, आणि एकही घरटं दिसलं नाही तर पट्ट्यावर सहलीच्या बोटींचा धक्का होईल. बाईंचा हा शेवटचाच हंगाम होता, आणि तो वेगळ्या अर्थानेही. त्यांचे डोळे गेल्यातच जमा होते. त्या चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला आल्या तेव्हा मेहुण्याने सगळ्या काचा लावून बघितल्या आणि मग काचांची पेटी मिटली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

म्हणून बाईंनी दाजींना काम सांगितलं. किनाऱ्यावरच्या खोपटात बसायचं, मंडळाच्या दुर्बिणीतून बघायचं आणि वाऱ्याने एखादा तोतया पडलाय का एवढं रोज कळवायचं. "बारा आहेत ना, तेवढं बघा," बाई म्हणाल्या.

दाजींनी दुर्बिणीला डोळा लावला, मोजलं आणि स्टुलावर ताठ झाले.

"मेहुणेबुवा, तेरा."

"काय तेरा?"

"डोकी. एक प्रवासी जादा आहे."

मेहुण्याने साध्या डोळ्यांनी बघितलं. एवढ्या लांबून सगळेच पांढरे ठिपके. "दाजी, मी बघू का जरा?"

"दुर्बिणीला एकच डोळा लागतो," दाजी म्हणाले, "आणि तो माझा आहे."

"आपण बाईंना सांगू या."

"अजिबात नाही. तपास पूर्ण होईपर्यंत फिर्यादीसुद्धा संशयित असतो." आणि संध्याकाळी त्यांनी बाईंना गंभीरपणे कळवलं, "बारा. सगळं ठीक."

पहिला संशय अर्थातच सुतारावर. दाजी त्याच्या कारखान्यात शिरले तेव्हा तो रंधा मारत होता आणि दाजी बोलायला लागल्यावरही मारतच राहिला.

"पक्षी किती केलेस?"

"बारा."

"आणि तेरावा?"

"बारा करतानाच कंबर धरली. तेरावा काय हौस म्हणून करू?"

"हौस," दाजी मेहुण्याच्या कानात म्हणाले. "हेतू मिळाला."

सुताराने भुसा फुंकला. "माझ्या पक्ष्यांना पाय नाहीत, खाली सळई आहे. तुमच्या जादाच्या पक्ष्याला काय आहे ते बघा की."

"पाय बघणं आमच्या पद्धतीत बसत नाही," असं म्हणून दाजी बाहेर पडले. मेहुण्याला वाटलं, हा माणूस काहीतरी सांगतोय. पण स्टूल, छत्री आणि बाटली सांभाळताना माणसाला फार विचार करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जादाचे तीन झाले. संशय मंडळाच्या चिटणिसावर सरकला, कारण त्याच्याकडे तोफेएवढा कॅमेरा होता. दाजींचा सिद्धांत असा, की हा माणूस रात्रीत खोटे पक्षी रोवतो आणि दिवसा खरे म्हणून त्यांचे फोटो काढतो.

"तोतयांचे फोटो?" चिटणिसाला हसू आलं. "अहो, मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. आपणच रोवलेल्या खुंटाकडे कोण बघतं? चुकून फोटोत आलेच, तर पुसून टाकतो."

"पुरावा नष्ट करतो, हे कबूल करतोय," दाजी म्हणाले.

पण खरा हादरा चौथ्या दिवशी बसला. दाजींनी दुर्बिणीतला डोळा काढला, रुमालाने पुसला आणि परत लावला. "काल जादाच्यांच्या चोची उत्तरेला होत्या. आज पश्चिमेला आहेत. बारा इमानदार जागच्या जागी, फिरतायत ते जादाचेच."

"आज वारा फिरलाय, दाजी."

"वाऱ्याने लाकूड फिरतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

उत्तर बरोबर होतं आणि तरीही कुठेतरी पाणी मुरतंय, असं मेहुण्याला वाटलं. दाजींनी निष्कर्ष जाहीर केला. ही चोरट्या मालाची टोळी आहे. चोचीच्या दिशेने समुद्रातल्या होडीला इशारा देतात. पश्चिमेला चोच म्हणजे 'माल आणा', उत्तरेला चोच म्हणजे 'पोलीस आहेत'. एके दिवशी एक डोकं कमी भरलं तेव्हा 'एक जण रजेवर' असं ठरलं.

"दाजी, मघाशी वरून एक पक्षी खाली उतरल्यासारखा वाटला."

"विषयांतर नको, मेहुणेबुवा."

पाहणीचा दिवस उजाडला. बाई खोपटात येऊन बसल्या होत्या, मांडीवर हात, तोंड समुद्राकडे. अधिकारी दुपारी यायचा होता. त्याआधी ओहोटीला पट्ट्यापर्यंत चालत जाता येई. दाजींनी मेहुण्याला बाजूला घेतलं. हातात रिकामं पोतं होतं.

"आता जादाचे पाच झालेत. जातो, पाचही उपटतो आणि अधिकाऱ्यासमोर ओततो. टोळी उघडी पडेल."

"दाजी, एकदा बाईंना विचारू या."

"तू छत्री धर," असं म्हणून दाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओल्या वाळूत उतरले.

तेवढ्यात ताई आली. दाजी घरी विसरलेला डबा तिच्या हातात होता. नवरा कुठाय म्हणून तिने विचारलं, मेहुण्याने पट्ट्याकडे बोट केलं. "टोपी तरी घातलीये का बघू," म्हणत ती स्टुलावर बसली आणि तिने दुर्बिणीला डोळा लावला. तिला दाजी सापडले नाहीत. दुसरंच काहीतरी सापडलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "तुमच्या एका लाकडाने आत्ता शेपटी वर करून घाण केली."

बाईंचा हात मांडीवरच घट्ट झाला. "कुठल्याने?"

"मधल्याने. आता उठून उभा राहिलाय. त्याच्या पोटाखाली ठिपक्याठिपक्यांचे दोन दगड आहेत, ते चोचीने सरकवतोय. आता परत त्यावर बसला."

"ते दगड नाहीत," बाई अगदी हळू म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "तुमचे यजमान कुठे निघालेत?"

मेहुण्याने पोत्याबद्दल सांगितलं आणि बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिथे बसलं होतं, आणि दाजी ते पोत्यात भरायला निघाले होते. मेहुण्याने हाका मारल्या. दाजी तपासात असले की त्यांना हाका ऐकू येत नसत. ते लांब टांगा टाकत चालले होते आणि पट्टा जवळ येत होता.

ताई उठली, दारात गेली आणि कमरेवर हात ठेवून फक्त एवढंच ओरडली, "अहो, निघताना गॅस बंद केला होता का?"

दाजी उचललेला पाय तसाच ठेवून थांबले. गुन्हेगारांचा कर्दनकाळ या एका प्रश्नापुढे नेहमीच थांबत असे. ते आठवायला लागले, आणि आठवत असतानाच जादाच्या पाचही प्रवाशांनी वाळू सोडली. एकाने डोक्यावर टोच मारली, दुसऱ्याने खांद्यावर मघाशी ताईने बघितलेला कार्यक्रम पुन्हा केला. दाजी पोतं डोक्यावर ओढून आले त्या वाटेने पळाले. एक चप्पल वाळूतच राहिली. ती अजून तिथेच आहे, कारण हंगाम संपेपर्यंत कुणाला जायची परवानगी नाही.

खोपटात ताईचा डोळा दुर्बिणीला होता आणि बाईंचा हात ताईच्या दंडावर. "फिरतायत. अजून फिरतायत. एक उतरला. दुसरा उतरला. मधला आपल्या जागेवर बसला." मग बाईंनी हात सैल सोडला आणि पदराने डोळे टिपले.

अधिकारी आला, त्याने बराच वेळ दुर्बिणीतून बघितलं आणि धक्क्यासाठी दुसरी जागा बघावी लागेल, असं जरा कुरकुरतच म्हणाला. तो गेल्यावर दाजींना कंठ फुटला.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, जादा आहेत म्हणून."

"कुणाला सांगत होतात?" ताईने विचारलं.

दाजींना एकदम आठवलं. त्यांनी खांद्यावरचा डाग पुसायला रुमाल काढला आणि तो हातातच राहिला.

"मला तुम्ही रोज बारा सांगत होतात," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी रोज बारा ऐकून घरी जायची."

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प बघितलं आणि त्याला त्यांची दयाच आली. त्याने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा," बाई म्हणाल्या, "आणि आता मला खरं मोजून सांगा."

दाजी बसले. त्यांनी डोळा लावला आणि या वेळी डोकी सोडून चेहरे बघितले. फार वेळ लागला. "हा लाकडाचा. हा लाकडाचा. हा डोळे मिटतोय, बाई. ह्याच्या चोचीत मासा आहे, शेजारणीला देतोय, ती घेत नाहीये. आता घेतला." असं करत ते टोकापर्यंत गेले. "एकूण सतरा. बारा आपले, पाच त्यांचे."

बाईंनी तोंड वाऱ्याकडे केलं होतं, तिकडच्या पाच जणांसारखंच.

"पुन्हा मोजा," त्या म्हणाल्या.

दाजींनी एकच बस दोनदा कधी मोजली नव्हती. त्यांनी रुमालाने दुर्बिणीची काच पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.