गुणवंतरावांनी निवडलेला धंदा

"गुरुजी, लोहार होऊ का वैद्य?"

सत्तरीला टेकलेला माणूस सकाळी सकाळी दारात उभा राहून हे विचारतो, तेव्हा हातातला चहा जरा सांडतोच. विचारणारे होते आमचे शेजारी गुणवंतराव. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यात हजारो लोक एकदम खेळतात असा एक खेळ होता. राक्षस मारायचे, किल्ले घ्यायचे आणि सोबत एक कारागिरी शिकायची. लोहार, वैद्य, शिंपी, आचारी, काहीही.

"एकच घेता येते. मंग बदलत नाई," ते म्हणाले. "नफा कुठी हाये, ते पायलं पायजे."

नफा हा त्यांचा श्वास. अकोल्याच्या कापूस बाजारात उभा जन्म अडतीत गेलेला. बायको गेल्यावर तिथलं घर बंद करून ते आमच्या अमरावतीच्या कॉलनीत आले, पण बाजार काही डोक्यातून गेला नाही. अंगणातल्या झाडाचा कढीपत्तासुद्धा ते कुणाला फुकट तोडू देत नसत. आमच्या घरी त्यावर एक वाद होऊन गेलेला आहे.

मग रोज संध्याकाळी खेळातल्या बाजाराची खबर आमच्या ओट्यावर येऊ लागली. तलवारीला उठाव नाही. जडीबुटी पडली. चिलखत धरून ठेवावं.

"लोहाराच्या मांगं सारेच धावून राह्यले, गुरुजी. सारे कपाशी पेरतात, तवा आपुन तूर पेरा लागते."

माझी बायको म्हणायची, म्हातारा कामातून गेला. मला तर या संशोधनाची गोडी लागली होती. माझं मत वैद्याला होतं.

एक दिवस ते येऊन म्हणाले, "आचारी झालो."

मी कपाळावर हात मारला. खेळणारी सगळी मंडळी सांगत होती, आचाऱ्याला काही सुटत नाही. वर हे गृहस्थ एका गुहेच्या तोंडाशी चूल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला रांधून घालत होते, तेही फुकट. कढीपत्ता न देणारा माणूस! मी कारण विचारलं, तर तुटकपणे म्हणाले, "तुमाले नाई समजत बाजारातलं."

खरी गोष्ट त्यांच्या पुतणीकडून कळली. गुणवंतरावांची बायको दवाखान्यात होती, तेव्हा त्यांनी पुण्याच्या मुलाला, प्रफुल्लला, कळवलंच नव्हतं. नवी नोकरी, रजा कशाला वाया घालवायची, दोन दिवसांत ती घरी येईलच, हा हिशेब. हिशेब चुकला. प्रफुल्ल पोचला तो थेट मोक्षधामात. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे कडू घास आणला, भाकरी आणि पिठलं. बापाने ताट पुढे केलं. पोरगा त्या ताटावरून उठला आणि निघून गेला. तेरवीलाही आला नाही. त्यानंतर त्याने बापाचा फोन कधी उचलला नाही. तो रोज हा खेळ खेळतो, एवढं पुतणीला माहीत होतं. तिनेच काकांना त्याचं खेळातलं नाव सांगितलं: वऱ्हाडी ठसका.

मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते बाजेवर बसून मोबाईलवर चूल पेटवत होते.

"आचारीच का, ते आता सांगा," मी म्हणालो.

नजर न उचलता ते बोलले, "लोहाराकडून एक डाव तलवार नेली, का गिऱ्हाईक सालभर फिरकत नाई. वैद्याकडं आला, तं जखमी होऊनच येईन. आचाऱ्याकडं रोज येते. खाल्ल्याबिगर ताकदच भेटत नाई ना लढाले."

बोलता बोलता निळ्या चिलखतातला एक योद्धा चुलीजवळ येऊन बसला. डोक्यावर नाव होतं, वऱ्हाडी ठसका. गुणवंतरावांनी वाढलं. तो खाऊ लागला. मग त्यांनी जाडजूड अंगठ्याने एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'अजून देऊ?'

उत्तर आलं, 'नको काका, पोट भरलं.'

योद्धा गुहेत शिरला. काका हा शब्द मलाच सहन होईना.

"सांगून टाका ना त्याला, तुम्ही कोण ते."

"सांगतलं, तं उद्यापासून उपाशी लढन तो," गुणवंतराव म्हणाले आणि पुन्हा चुलीत लाकडं सारू लागले.