मैनाबाईंचे कान

पालीचे श्रीपतमामा आपल्या घोडीला ‘अहो मैनाबाई’ म्हणतात आणि सरपंचापासून तहसीलदारापर्यंत बाकी सगळ्यांना अरेतुरे करतात. मी बीडच्या शाळेत वीस वर्षं चित्रकला शिकवतो, पण मामांच्या लेखी मी ‘काय बे मास्तर’च.

फावल्या वेळात मी फोटोवरून माणसांची चित्रं काढतो. ती ओळखू येत नाहीत, पण लोक सभ्य असतात. मामांचे गुडघे गेलेत. घोडी घेऊन वरातीपुढं चालणं त्यांना झेपत नाही, म्हणून मैना धारूरच्या भाच्याकडे द्यायची ठरली.

“सोमवारी चालल्यात त्या,” मामा फोनवर म्हणाले. “भिंतीवर लावाया एक चित्र पायजे. फोटू काढाया ये.”

रविवारी गेलो. जवळ उभं राहून पहिला फोटो काढला. मामांनी मोबाईल डोळ्यांशी धरला.

“डोकं रांजणावानी आन् पाय शेळीचे? हे कोनचं जनावर हाय बे?”

त्यांनी मला वीस पावलं मागं नेऊन खाली बसवलं. “त्यांच्या छातीबरोबर मोबाईल धर. वरून बघायचं न्हाई. अदब पायजे.”

मी अदबीनं बसलो तो थेट लिदीत. फोटो मात्र सुधारले. पाय घोडीचे दिसू लागले.

अडलं ते कानांपाशी. कान पडलेले असले की घोडी रुसल्यासारखी दिसते, आणि रुसलेल्या मैनाबाई मामांना भिंतीवर नको होत्या. मामांनी हरभऱ्याचा डबा वाजवला. मी शिट्टी मारली, शेवटी शेळीसारखा ओरडलोसुद्धा. माझे विद्यार्थी बघतात तसंच मैनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. ऊन चढलं. “तुला न्हाई जमायचं,” म्हणत मामा बादली घेऊन लंगडत विहिरीकडे निघाले.

आणि मैनाचे कान टवकारले. मान उंचावली. मी भराभर फोटो काढले.

मामा पाणी घेऊन आल्यावर दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले.

“कुनाकडं बघायल्यात ह्या?”

“तुमच्याकडं. तुम्ही विहिरीवर चालला होतात ना.”

“मी जाताना अशा बघत्यात?” मामा म्हणाले. “म्या कधी मागं वळून पाह्यलंच न्हाई.”

मी मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात ते म्हणाले, “चित्र राहू दे, मास्तर.” माझी जुनी चित्रं यांना कुणी दाखवली, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मामांनी एक हात मैनाच्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं धारूरला फोन लावला.

“उद्या येऊ नगंस. मैनाबाई न्हाई यायच्या,” ते म्हणाले. भाच्यानं कारण विचारलं असावं. “कावून म्हंजे? त्यांचं मन न्हाई.”