विका सत्वर!

टेलरच्या दुकानात जमिनीवर वीस फूट कापड पसरलं होतं आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी गावच्या फुटबॉल क्लबच्या भवितव्यावर चर्चा चालू होती. टेलर स्वतः गुडघ्यांवर रांगत अक्षरं टाचत होता. निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, ते दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर विराजमान होते. बेकरीवाला इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा होता, कारण तो एकदा खाली बसला की त्याला उठवायला दोघं लागायची.

"मुळात महत्त्वाकांक्षाच नाही," गुरुजी म्हणाले. "अकरा वर्षं झाली या माणसाने क्लब घेऊन. गाद्यांचा कारखानदार! त्याचा संघ मैदानावर झोपणार नाही तर काय करणार? क्लबला दिशाच उरली नाही."

"दिशा आहे की," बेकरीवाला म्हणाला. "खाली."

"विकायलाच लावू त्याला!" टेलर तोंडातल्या टाचण्यांमधून गुरगुरला. तिघांत हाच सगळ्यात जहाल. "एकदा समोर येऊ दे, तोंडावर सांगतो की नाही बघा. मी कुणाच्या बापाला भीत नाही."

"पण विकायचा कुणाला?" बेकरीवाल्याने विचारलं.

दोघांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचाऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

घोषणा गुरुजींची होती: 'मालक, क्लब विका सत्वर'. 'सत्वर' हल्ली कोण बोलतं, सरळ 'लवकर' लिहा, असं बेकरीवाल्याचं म्हणणं. पण निषेध करतानाही भाषेचा दर्जा सुटता कामा नये, असं सांगून गुरुजींनी त्याला गप्प केलं. मग ते खुर्चीतून वाकले. "अरे टेलर, दोन शब्दांत जागा सोड."

"कशाला? शिरोरेघ म्हणजे शेवटी पट्टीच ना? तुकडे केले की प्रत्येक टोक उसवतं. मी एकच सलग मारतो. वादळ आलं तरी निघायची नाही."

"आणि स्वल्पविराम?"

"तो काय टिकतोय, गुरुजी! पहिल्या झटक्यात गळेल."

आता शिवणाच्या बाबतीत टेलरशी कोण वाद घालणार? झालं. संध्याकाळपर्यंत लालभडक अक्षरांत फलक तयार झाला: 'मालकक्लबविकासत्वर'. तिघांनाही तो अगदी स्वच्छ वाचता आला. यायचाच, काय लिहिलंय ते त्यांना आधीच पाठ होतं!

रविवारी मध्यंतरानंतर, संघ दोन गोलांनी मागे असताना, फलक उघडला. डावं टोक गुरुजींकडे, उजवं बेकरीवाल्याकडे आणि मधोमध मागच्या बाजूने काठी लावून टेलर. वारा भलताच सुटला होता. कापडाला झोळ पडला.

"ताण धर! ताण!" टेलर मागून ओरडला.

बेकरीवाला सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्याने आपल्याकडचं टोक दंडाला दोन वेढे मारून घट्ट ओढलं. कापड छान ताणलं गेलं. फक्त 'त्वर' तेवढं त्याच्या दंडाभोवती गुंडाळलं गेलं. समोरच्या अख्ख्या गॅलरीने वाचलं: 'मालकक्लबविकास'.

आधी तिकडून हसण्याचा लोट आला. मग लाउडस्पीकर खरखरला, "मालकांवर विश्वास दाखवल्याबद्दल समर्थकांचे मनःपूर्वक आभार!" आणि शेजारून संत्र्याची साल येऊन थेट टेलरच्या कानशिलावर बसली. "मालकाचे जावई का रे तुम्ही?"

टेलर फलकाखालून वाकून पुढे आला आणि त्याने वरची अक्षरं वाचली. "गुंडाळा! गुंडाळा लवकर!" तो ओरडला, पण तोवर उशीर झाला होता. धापा टाकत, कठडा धरत, खुद्द मालक पायऱ्या चढून येत होते.

"कुणी शिवलं हे?" त्यांनी विचारलं.

गुरुजींचं आणि बेकरीवाल्याचं बोट एकदमच टेलरकडे वळलं.

मालकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "अकरा वर्षं नुसत्या शिव्या खातोय हो मी. बायकोने तर मैदानात पाऊल टाकणं सोडलं. उद्या क्लब विकायच्या कागदांवर सह्या होत्या. पण हे वाचलं आणि तिथल्या तिथे क्लब घेणाऱ्या माणसाला फोन करून कळवलं, व्यवहार रद्द! आता जिवात जीव असेपर्यंत क्लब माझाच!"

कुणाच्या बापाला न भिणाऱ्या टेलरने तोंड उघडलं. "आपली... आपलीच कृपा, साहेब," तो म्हणाला.

"सकाळी घरी या. तुमच्याच हातचा कोट शिवायचाय मला."

मालक गेले.

"कृपा?" गुरुजी म्हणाले. "अरे, कृपा?"

"मी फक्त ताण धरला," बेकरीवाला दंड सोडवत म्हणाला.

"उद्या जाऊन खरं काय ते सांग," गुरुजींनी बजावलं. "नाहीतर आम्हाला तोंड दाखवू नकोस."

टेलर मान खाली घालून घरी गेला. "पुन्हा हरले वाटतं," बायको म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या गावाची मालकापासून सुटका होत होती आणि ती त्याच्या एका पट्टीने अडवली होती. बरं, खरं सांगावं तर म्हाताऱ्याचे ते डोळे समोर येत होते.

सकाळी मालकांकडे चहा घेऊन त्यांची बायको स्वतः बाहेर आली. "हेच का ते? पुढच्या सामन्याला मीही येणार आहे बरं का," ती म्हणाली. टेलरचा चहा बशीत सांडला.

ती आत गेल्यावर त्याने मापं घ्यायला सुरुवात केली. खांदा झाला, बाही झाली. छातीभोवती टेप आला. मालक ताठ उभे होते. "बेचाळीस," टेलर म्हणाला आणि त्याला पुढे राहवेना.

"साहेब, मला माफ करा. त्या कापडावर पुढे अजून दोन अक्षरं होती." टेपची टोकं हातात धरूनच त्याने सगळं सांगून टाकलं. सत्वर, सलग पट्टी, बेकरीवाल्याचा दंड, सगळं. सांगताना त्याने मालकांच्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीवरची नजर हलवली नाही.

मालकांनी फोन उचलला.

"हं, मीच बोलतोय. म्हटलं, कालच्या त्या विषयाचा पुन्हा विचार केला... असं? कालच? बरं, बरं. अभिनंदन हो." त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. "त्याने दुसरा क्लब घेतला. आता तुम्हाला मी आणि मला तुम्ही."

"साहेब, मी..."

"राहू द्या." मालकांनी दोन्ही हात पुन्हा वर केले. "छाती तेवढी परत मोजा. मघाशी फुगवली होती."

टेलरने टेप पुन्हा लावला. अडतीस भरली.