दारूखान्याच्या चौरंगाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. कानीं आले आणि डोळां देखिले तितकेच लिहिले असे. पदरचे मीठ घातले नाही, तिखट मात्र किंचित घातले. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस राज्याच्या दारूखान्याचे, म्हणजे तोफांची दारू ठेवावयाच्या कोठाराचे, वृद्ध दारोगे वैकुंठवासी जाहले आणि जागा रिकामी पडली. मग राज्याचा रिवाज ऐसा की, ज्यास बढती पाहिजे त्याणे दरबारीं चौरंगावर उभे राहोन आपली थोरवी आपल्या तोंडें गावी, आणि ज्याचा आवाज शेवटल्या खांबास पोहोंचेल तोच लायक. दारूखान्याचा रिवाज नेमका उलटा. तेथे अनवाणी चालावे, हळू बोलावे, आणि धोका दिसला तर ओरडो नये, कारण दचकल्या माणसाच्या हातून भांडे पडते. निमूट तळहात वर करावा, आणि तो पाहतांच सर्वांनीही तळहात वर करोन आहे तेथे थिजावे.

तेथील नायब निळोपंत उकिडवे. कामांत चोख, परंतु चार माणसें जमली की पंत खांबाआड होत. उमेदवार दुसरे रंगराव धडफळे, यांचा आवाज वेशीपलीकडे जात असे. रंगरावांनी आधीच जाहीर केले की, "दारूखान्यांत ही काय स्मशानकळा! मी आलो की भिंती पाडून मोकळी कचेरी करतो, आणि रोज सकाळी नगारा वाजवून माणसांत जोश भरतो." हे ऐकोन पंतांची झोप उडाली. दारूच्या राशीशेजारी नगारा आणि गर्दी! एक दिवस सगळी माणसें उडतील, आणि आपण बोललो नाही म्हणोन उडतील, ऐसे वाटोन घांस उतरेना. कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, चार वाक्यें तर बोलायची." पंत म्हणाले, "पहिलेच सुचत नाही, पुढल्या तिहींचे काय घेऊन बसलीस?"

दरबार भरला. आईसाहेब, ज्या राज्य चालवीत, गादीवर विराजमान जाहल्या, आणि दारूखान्याची मंडळी भिंतीशी बसली. रंगराव चौरंगावर चढले आणि दारूची थैली हातीं घेवोन जे सुरू जाहले ते थांबेनात. थैली नाचवावी आणि गर्जावे, आणि सभेने वाहवा करावी. पंतांनी पाठ केलेले भाषण केव्हाच पार पुसले गेले. बोलावयाचे राहिलेच नाही, म्हणोन ते नुसते पाहत राहिले. आणि पाहतां पाहतां त्यांची नजर त्या थैलीवर खिळली.

इतक्यांत रंगराव गर्जले, "दारूला भितो तो दारोगा कसला? मशालजी, आण ती मशाल इकडे!" मशालजी निघाला. पंत उठले आणि सवयीने त्यांचा तळहात वर गेला. तो पाहतांच दारूखान्याची सगळी मंडळी तळहात वर करोन थिजली, आणि इतके हात पाहोन मशालजी भांबावला व जागींच थांबला, आणि वाहवा करणारेही गप्प जाहले. त्या शांततेंत पंत हळूच बोलले, ते शेवटल्या खांबास ऐकू गेले.

"रंगराव, जागचे हलू नका. थैलीची शिवण उसवली आहे. तुमच्या अंगरख्यावर सगळी दारू सांडली आहे."

रंगरावांनी खाली पाहिले आणि चेहरा चुन्यासारखा जाहला. मशाल दूर नेली, तेव्हां रावांस कंठ फुटला. "अहो पंत, मघाशीच का नाही सांगितलेत?"

पंत खाली मान घालोन म्हणाले, "आपले भाषण चालू होते."

आईसाहेब हसल्या नाहीत. त्यांणी सभेवरून नजर फिरविली आणि विचारिले, "आणखी कितीजण असे गप्प बसून पाहत असतील हो?" मग पंतांस दारोगेपणाची वस्त्रें दिली आणि म्हणाल्या, "आभाराचे भाषण माफ." तेव्हां पंतांस बरेच दिवसांनी भूक लागली.

तात्पर्य इतकेच की, रिवाज मोडला, दारूखाना शाबूत राहिला, आणि चौरंग पंतांकडे पाठविला. तो हल्ली दारूखान्याच्या दाराशी आहे. आंत जाणारे त्यावर जोडे काढोन ठेवितात, त्यांत रंगरावांचेही असतात. इति.