रिकाम्या खुर्चीचं कौतुक

दुसऱ्याच्या कामातली खोट काढावी तर ती मीच! एकतीस वर्षं मी इंग्लंडातल्या ओल्डशॉ गावात गाडी चालवायच्या परीक्षा घेतल्या. आरशात बघितलं नाही, नापास. बघितलं पण उशिरा बघितलं, नापास. आमच्या पाद्रीबाबांना मी चार वेळा नापास केलं. पाचव्या वेळी ते डोळे मिटून प्रार्थना करून निघाले, तर डोळे मिटले म्हणून नापास!

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, एवढा गुण घरात बसून गंजायचा. म्हणून चर्चच्या मागच्या हॉलमधल्या मंडळात जायला लागलो. हे मंडळ खेळण्यातल्या माणसांचे फुटबॉल सामने पडद्यावर खेळवतं. बोटाएवढी प्लास्टिकची माणसं, पिवळी डोकी, हातांच्या जागी चिमटे. माणूस केसभर सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद जातो. खिडकीबाहेर तोवर एक दुपार गेलेली असते.

महिन्यातून एकदा सगळे आपापल्या फिल्मा दाखवत, चहा पीत, आणि मग मी बोलत असे. "डावा बॅक हवेत चालतोय." "चेंडूची सावली चेंडूच्या आधी पोचली." सात वर्षं बोललो! आमच्या सेक्रेटरी मॉरीनबाई तर मी वही उघडली की बिस्किटांचा डबा आपल्याकडे ओढून घ्यायच्या, जणू मी बिस्किटांनाही नापास करीन.

एकदा टेड ग्रिमशॉची फिल्म झाली. टेड म्हणजे निवृत्त खाटीक, हात फळ्यांसारखे, मन लोण्यासारखं. मी त्याच्या एका पेनल्टीत अकरा चुका काढल्या. टेडनं चहाचा कप खाली ठेवला.

"रॉडनी, बाबा रे, तू स्वतः किती फिल्मा केल्यास?"

मी वहीचं पान उलटलं.

"मी... मी परीक्षक आहे."

"म्हणजे एकही नाही," टेड म्हणाला. "एकतीस वर्षं बाजूच्या सीटवर बसून लोकांचं वाटोळं केलंस. एकदा स्टिअरिंग हातात घे की साहेबा! मग बोल."

सगळे हसले. हसला नाही तो एकटा क्लाइव्ह हॅल्सॉल. आमच्यातला सगळ्यात चांगला हात त्याचा. पण मार्चमध्ये त्याची बायको आयरीन गेली आणि तेव्हापासून त्यानं एकाही बाहुलीला बोट लावलं नव्हतं. सभेला यायचा, मागच्या खुर्चीत बसायचा, शेवटी सगळ्यांचे कप धुऊन जायचा. जाता जाता दिवा मालवायचा. बोलायचा नाही.

मी त्याच संध्याकाळी ठरवलं. फिल्म करायची! आणि अशी करायची की पुन्हा आयुष्यात कुणी मला "तू काय केलंस" म्हणून विचारू नये.

विषय निवडला तो आमच्या गावच्या संघाचा शेवटचा सामना. त्यानंतर मैदान विकलं गेलं, आज तिथे सुपरमार्केट आहे. गोलपोस्ट होते तिथे गोठवलेले वाटाणे मिळतात. सामना शून्य-शून्य सुटला होता. बायको म्हणाली, "अरे, ज्यात काहीच झालं नाही त्याची फिल्म?" मी म्हणालो, "शीला, गोल कुणीही दाखवील. बरोबरी दाखवायला कलावंत लागतो!"

आठ महिने लागले. मागच्या खोलीत मी वाकून वाकून प्रश्नचिन्हासारखा झालो. आमच्या लँकशायरचं आकाश तर तुम्हाला माहीतच आहे, घटकेत राखाडी, घटकेत काळं. प्रत्येक ढगाबरोबर माझं मैदान विझायचं आणि पेटायचं. एकदा दुसऱ्या हाफमध्ये गॅसवाला मीटर बघायला आला. तो गेल्यावर मी कामाला लागलो, पण गोलकीपरला हलवायचं राहूनच गेलं. सगळा संघ धावतोय आणि हा पाच सेकंद मैलाच्या दगडासारखा उभा! प्रेक्षकांच्या स्टँडमधली एक बाई शीलाच्या व्हॅक्यूम क्लीनरनं गिळली. टोपीवाल्या एका म्हाताऱ्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली ती राहिलीच. पण तो कॉर्नर! कोपऱ्यातून मारलेल्या त्या एका किकला मी तीन आठवडे दिले. चेंडू असा वळला, असा वळला, जसा घारीचा फेरा. माझी सगळी भिस्त त्या कॉर्नरवर होती.

आता प्रश्न असा, की खरं कोण सांगणार? आमच्या गावात तोंडावर कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. (मी सोडून.) पण डिसेंबरात आमची बिननावाची सभा असते. फिल्म मॉरीनबाईंच्या पेटीत गुपचूप टाकायची. कुणाची कोणती ते सांगायचं नाही. मग सगळे मोकळेपणानं बोलतात. मी माझी टाकली आणि वही घेऊन पहिल्या रांगेत बसलो. छाती अशी धडधडत होती, जशी परीक्षेला बसलेल्या पोरींची मी आयुष्यभर ऐकली.

फिल्म सुरू झाली. मैदान विझलं, पेटलं, विझलं. मागून कुणीतरी उसासा सोडला.

"कसा उजेड जातोय बघ," मॉरीनबाई पुटपुटल्या. "जसं एखाद्या घरातून माणूस जातं."

मी वळून बघितलं. ढग होता तो बाई!

मग गोलकीपर थांबला. एक सेकंद, दोन, पाच. "सगळं जग धावतंय आणि हा एकटा जागच्या जागी," टेडचा आवाज चिरकला. "देवा रे! असंच असतं. माझी आई गेली तेव्हा मी दुकानात असाच उभा होतो. हातात कलेजी."

कॉर्नर आला. माझा कॉर्नर! चेंडू घारीसारखा वळला. त्याच क्षणी टेडनं नाक शिंकरायला रुमाल काढला आणि बाकीचे सगळे टेडकडे बघत राहिले.

आणि मग कॅमेरा स्टँडवर गेला. टोपीवाला म्हातारा. शेजारी रिकामी खुर्ची.

"आई गं!" मॉरीनबाई एवढंच बोलल्या आणि रडायलाच लागल्या.

दिवे लागले. एक-एक मान हळूहळू मागे वळली, जशा संध्याकाळी मेंढ्या वाटेकडे वळतात. सगळे क्लाइव्हकडे बघत होते. क्लाइव्ह आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत टोपी ठेवून बसला होता.

काहीतरी करायला हवं होतं! मी उठलो, घसा साफ केला. "मित्रांनो, भावना बाजूला ठेवू. तो गोलकीपर हलत नाही ही चूक आहे. करणाऱ्याच्या लक्षात राहिलेलं नाही. उजेडाची लुकलुक ही चूक आहे. आणि खुर्ची..."

"रॉडनी!" टेड उभा राहिला. "खाली बस!"

"अरे पण मला माहितीये, ती खुर्ची..."

"एक शब्द काढलास तर उचलून बाहेर ठेवीन! माणसाच्या काळजावर घाव घालतोस? लाज आहे का काही?"

माझ्याच फिल्मवर टीका केली म्हणून मला भर सभेत खाली बसवलं! तेवढ्यात मॉरीनबाई मागच्या रांगेपर्यंत पोचल्या होत्या. क्लाइव्ह म्हणाला, "अहो, मी नाही..." पुढचं वाक्य मॉरीनबाईंच्या लोकरी स्वेटरमध्ये बुडालं. त्यांनी त्याला असं कवटाळलं की फक्त कान दिसत होते. टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. आणि क्लाइव्ह, जो नऊ महिन्यांत धड दोन शब्द बोलला नव्हता, तो स्वेटरमधून बाहेर आला, त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "थँक्यू."

झालं!

पुढच्या शुक्रवारी गावच्या साप्ताहिकात क्लाइव्हचा फोटो. मंडळाचा वार्षिक कप क्लाइव्हला जाहीर. सुपरमार्केटमध्ये वाटाण्यांपाशी दोन बायका माझ्याच फिल्मबद्दल बोलत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तर मला बघून गप्प झाल्या. "तोच ना तो?" एकीनं विचारलं. "हो गं, विधुराला बोलणारा."

शीलानं साप्ताहिक टेबलावर आपटलं. "आठ महिने माझी खोली अडवलीस! इस्त्री मी जिन्यावर केली! आणि नाव क्लाइव्हचं? ऊठ. जा. सांग त्याला."

रविवारी दुपारी निघालो. बाहेर झिमझिम होती. पाऊस म्हणावा तर भिजवत नाही, धुकं म्हणावं तर कोरडं ठेवत नाही. वाटभर वाक्य घोकत होतो. "क्लाइव्ह, ही फिल्म माझी आहे." अवघे पाच शब्द. पण प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी त्यातला एक गळून पडायचा.

क्लाइव्हनं दार उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर, टेबलावर, खिडकीत, सगळीकडे मातीची भांडी. मटण-बटाट्याचा हॉटपॉट. मी मोजली, अकरा.

"मंडळातल्यांनी आणलेत," क्लाइव्ह म्हणाला. "रोज कुणी ना कुणी येतं. बसतं. आयरीनच्या गोष्टी सांगतं. टेडला ती मटणाची पेस्ट्री भाजायला शिकवणार होती, ते मला माहीतच नव्हतं." तो जरा हसला. मग किटली ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "रॉडनी, तू एकटा खरं बोललास. म्हणून तुला सांगतो. ती फिल्म माझी नाही."

मी खुर्चीत बसलो. म्हणजे पडलो.

"सांगणार होतो रे. पण मॉरीननं मिठी मारली. मार्चनंतर मला कुणी हातही लावला नव्हता. फक्त दुरून माना हलवायचे. म्हटलं, एक मिनिट राहू दे. मग टाळ्या झाल्या. मग हॉटपॉट आले. दारात भांडं घेऊन उभ्या माणसाला काय सांगायचं, की परत ने?" त्यानं माझ्यासमोर कप ठेवला. "ज्यानं केली त्याचं मी चोरलं. तो कुठेतरी गप्प बसून सोसत असेल बिचारा. सापडला तर मला त्याची माफी मागायचीय."

"आणखी काही?" मी कपाकडे बघत विचारलं. "म्हणजे... फिल्मबद्दल त्याला काही सांगशील?"

क्लाइव्ह खिडकीबाहेर बघत राहिला. काचेवरून थेंब सावकाश उतरत होते. मग तो बोलायला लागला आणि मी श्वास धरला, कारण याच एका गोष्टीसाठी मी आठ महिने वाकलो होतो.

"हात स्वच्छ आहे त्याचा. कष्ट दिसतात. पण त्याची माणसं घाबरलेली आहेत, रॉडनी. कुणीतरी बाजूला वही घेऊन बसलंय, अशी धावतात. चेंडू मागत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत. शेवटचा सामना आहे, उद्या मैदान नाही, आणि बावीसातल्या एकालाही त्याचं काही वाटत नाही. सगळं मोजलंय त्यानं. गोलकीपर थांबतो आणि ती खुर्ची दिसते, तिथे तेवढी फिल्म जिवंत आहे. आणि ते त्याच्या हातून चुकून झालंय, पैजेवर सांगतो." तो वळला. "वाईट नाही. पण त्यानं आधी जरा माणसांत मिसळावं. मग बाहुल्यांना हात लावावा."

काय सांगू! एकतीस वर्षांत मी हजारो निकाल लिहिले, पण असा निकाल मला एकदाही लिहिता आला नव्हता. इतका खरा, आणि इतका अलगद. टोचलं खूप. पण काटा निघताना टोचतं तसं. मनात आलं, हा माणूस असाच बोलत राहावा, मी असाच ऐकत राहावं, आणि दुसरी फिल्म, तिसरी फिल्म, सगळ्या याच टेबलावर आणाव्यात. डोळे भरून आले आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं.

"क्लाइव्ह, ती माझी आहे."

क्लाइव्हचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग टोमॅटो.

"अरे!" तो म्हणाला. "अरे, तुझी होय! मग छानच आहे की! फारच छान! मी आपला उगाच... त्या दिवशी माझा चष्मा कुठे होता! माणसं काय झकास धावतात! घाबरलेली म्हणालो मी? चपळ म्हणायचं होतं. चपळ!"

"क्लाइव्ह, तू मघाशी म्हणालास ते..."

"काही बोललो नाही मी! सुरेख फिल्म. कुठेच काही बदलू नकोस हो. आणि मी उद्याच मंडळात सगळ्यांना खरं सांगतो."

"नको," मी म्हणालो. दारापाशी कुणाची तरी पावलं वाजली होती, आणि क्लाइव्हनं घाईघाईनं केसांवरून हात फिरवला होता, पाहुणे येणाऱ्या घरातल्या माणसासारखा. "राहू दे तुझ्याच नावावर. पण दुसरी करीन ती बघशील? आणि बोलशील, आत्ता बोललास तसं?"

"बघीन ना!" क्लाइव्हनं माझा हात दाबला. "न बघताच सांगतो, झकास असणार!"

मॉरीनबाई बारावं भांडं घेऊन आत आल्या. मला बघून जागच्या जागी थांबल्या. "रॉडनी! आता घरी येऊन छळतोस त्याला?"

निघताना क्लाइव्हनं त्यातलाच एक हॉटपॉट माझ्या हातात कोंबला. घरी जाऊन आम्ही खाल्ला. खारट होता. बटाटे कच्चे, मटण चामड्यासारखं. चौदा चुका तर मी सहज मोजल्या. पुढच्या सभेत मॉरीनबाईंनी भुवया चढवून विचारलं, "क्लाइव्हनं तुला माझा हॉटपॉट दिला म्हणे. कसा होता?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी वही मिटली.

"छान होता," म्हणालो. "फारच छान."